माह्या हनुवटीचे तीन ठिपके

नागपूर, रविवार

कांते,

वयानं तू मोठी म्हणून तुले आधी नमस्कार, अन् अकलेनं मी मोठी म्हणून वरून आशीर्वादही. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? तेल लावते का नुसती कण्हते? आमच्या घरी सारे बरे आहेत, मी सोडून. मी भडकून आहे. फोनच केला असता, पण तुही सून फोन स्पीकरवर टाकते अन् अर्ध्या पारशिवनीले ऐकू जाते. म्हणून माह्या दिराच्या, नत्थूच्या हाती हे पत्र धाडून राहिली.

तं झालं असं, आमच्या वैभवच्या साखरपुड्याचे फोटो आले. पाहते तं आमच्या ह्यांच्या बाजूले एक अनोळखी बाई उभी! साडी माही, नाक माहं, हनुवटी कोरी. फोटोवाल्यानं माहं गोंदण डाग समजून कम्प्युटरवर पुसून टाकलं होतं. मी बोंबलली तं वैभव म्हणते, आई, किती छान दिसून राहिली, लग्नाच्या आधी आता खरंच काढून टाकू, मिनलच्या घरचे रामदासपेठेतले बंगलेवाले लोक आहेत, काय म्हणतील. (मिनल म्हणजे होणारी सून. ती बिचारी काहीच म्हणत नाही. तिले कोणी विचारलंच नाही.) अवं, बाजारात त्या गोंदणारीपुढं आपण दोघी बहिणी एकाच बोऱ्यावर बसलो होतो नं! तू अशी किंचाळली का बांधलेले बैल बुजले. जत्रेत हरवलो तं लोकाईनं ठिपके पाहून दोघींले संगं घरी आणून सोडावं, म्हणून हट्टानं सारखेच तीन गोंदून घेतले होते. ते मी फोटोवाल्याच्या मर्जीसाठी काढू? काहून काढू?

तरी गेली. (हसू नको.) एकुलत्या एक पोराचं तोंड उतरलं का मले घास उतरत नाही. पण म्हणलं, क्लिनिक मी निवडीन. वैभवनं मोबाईलवर तारे मोजून तीन काढले होते. मी तारे पाहत नाही, तिथं बसलेल्यांचे चेहरे पाहते. पहिल्यात एसी असा का दात वाजून राहिले, अन् काउंटरवरच्या पोरीच्या गालभर मुरूम, पावडरखाली दाबलेले. म्हणलं, बाई, आधी घरचं पाहा, मंग गावाचं. उठली.

दुसऱ्यात पोरीनं नवऱ्याचं नाव विचारलं. मी नाव घेत नाही, तुले ठाऊक आहे. बँक असो का दवाखाना, मी डावा हात पुढं करते. मनगटाच्या वर गोंदलेलं आहे, घ्या वाचून. (हे बाजूलेच बसले होते, पण ह्यांले विचारल्याशिवाय बोलाची सवय नाही.) पोरीनं वाचलं अन् तिचा चेहरा खुलला. म्हणे, मॅडम, हेही काढून देऊ, दोन्ही मिळून अर्ध्या भावात! बाप्पा! म्हणलं, मंग पुढच्या खेपेले कोणी नाव विचारलं तं काय तुहा हात दाखवू? ऑटोत हे घर येईपर्यंत माह्या हातावर तळवा झाकून बसले.

तिसऱ्यातली डॉक्टरीण मले पसंत पडली. गोड बोलणारी, हात हलका, अन् गालावर हा एवढा तीळ. मी विचारलं, तुमच्याकडे एवढी मशीन, हा काहून नाही काढला? तं म्हणते, काकू, माझ्या आईलाही इथेच आहे. झालं! मी पर्स उचलली अन् चालू पडली. वैभवले सांगून दिलं, लग्नात माय पाहिजे असन तं ठिपक्यांसगट भेटन, नाही तं फोटोतल्या त्या कोऱ्या बाईले बोलाव अन् तिच्याच पाया पड. तो फुगून बसला आहे. बसू दे. मीही काही कमी फुगत नाही.

भाऊजींले नमस्कार, नातवाईले पापे.

तुही, कोणाले न दबणारी,
प्रेमिला

ता. क. लग्नाले येताना भरल्या मिरच्या आणजो. इथल्या मिरच्याईले काही चव नाही.

आणखी एक. डॉक्टरणीले तिळाचं मी जरा उशिराच विचारलं. तोवर नमुना म्हणून डाव्या ठिपक्यावर मशीन चालून गेली होती. चटका गोंदणारीच्या सुईपेक्षा कमी होता, पण घरी येऊन मी मोरीचं दार लावून रडली. तो दिवसेंदिवस फिका पडत आता दिसेनासाच झाला. हे कोणाले सांगू नको.

आता खरं काम. काल मिनल आली होती. माही हनुवटी पाहून वैभववर अशी तुटून पडली का मले माहीच जवानी आठवली. म्हणे, आई, लग्नात तो आपण काजळानं भरू. भराले बसलो तं ती म्हणे थोडा वर होता, मी म्हणली खाली. माह्याच हनुवटीवरचं मले सांगता येईना वं! म्हणून हळदीच्या आधी येजो. तुह्या तोंडाकडे पाहून माहा ठिपका भरू. फोटोत माह्या बाजूलेच उभी राहजो, पुसाचेच असतील तं त्या फोटोवाल्याले सहा पुसू दे. अन् तुह्या सुनेनं तुहे ठिपके काढाले क्लिनिकचं नाव जरी घेतलं, तं तिले मात्र हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

मी जत्रेत जराशी हरवली, कांते. लवकर ये.