अंगणाखालची शिश्याची नळी

२० ऑक्टोबर १९७४
कात्री हातातून पडली. दोनदा! शेजारच्या बायाबाईचा ब्लाऊज कापत होते. अंगठ्यात जोरच आला नाही, कापड तिरपं गेलं. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. "ध्यान कोठी राहते वं तुयं?"
पोटात सकाळपासून कळ आहे, हे कसं सांगू? रोजच असते.

२४ ऑक्टोबर
आज कळ इतकी आली की अंगणातच वाकून बसले. मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले, "ओवा खा." मामाजींच्या मते सगळ्या दुखण्यांवर ओवा. त्यांचं स्वतःचं पोट महिनोन्महिने साफ नसतं, तरी ओवाच!
सासूबाई हळूच बोलल्या, पण मला ऐकू जाईल इतपत — "मोठीनंही असंच सुरू केलं होतं."
मोठी म्हणजे धुरपताबाई, माझी जाऊ. माझ्या लग्नाआधी चार वर्षं याच घरात होत्या. पोट धरून बसायच्या म्हणे. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा गर्भ पडला. 'कामाचा कंटाळा, दुखण्याचं सोंग' — हे ऐकून ऐकून शेवटी इश्वरभाऊजी त्यांना घेऊन आसगावला वेगळे झाले. तिथे त्या खडखडीत बऱ्या झाल्या. पोरगाही झाला. सासूबाईंना तोच पुरावा — "पाहा, सोंगच होतं!"
तेव्हापासून जाणं-येणं बंद.

२४ नोव्हेंबर, दिघोरी
दिवाळीला माहेरी आले ती अजून इथेच. धान कापणी सुरू आहे, बांधावर भाकर खाते, भूक लागते! कळ नाही. कधी थांबली तेही कळलं नाही. आई म्हणते, तोंडावर रंग आला. काल बाजेवर पडून नुसती हसत होते, काही कारण नव्हतं.

२८ नोव्हेंबर, तुमसर
आले. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माहेरी गेली का बरी होते!"
म्हणजे मोठीसारखीच.

१५ डिसेंबर
कळ परत. तोंडाला कसलीतरी गोडसर तुरट चव. यांनी विचारलं — "खरंच दुखते ना?"
हेही! चूल विझेपर्यंत तिथेच बसून राहिले. मलाच वाटायला लागलं, आपण सोंग तर करत नाही ना?

९ जानेवारी १९७५
उजवा हात मनगटातून खाली लोंबतो. उचलत नाही. हे डाव्या हातानं लिहिते आहे.

१८ जानेवारी
वाकडंतिकडं का होईना, आज सगळं लिहीन.
लोंबता हात पाहून हे घाबरले. घरात न विचारता भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, हात पाहिला, मग म्हणाल्या, ओठ वर करा. हिरड्यांकडे बराच वेळ पाहिलं. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ आहे म्हणे. मी आरशात कधी पाहिलीच नाही!
"घरी छापखाना आहे? बॅटरीचं काम? रंगकाम?" — नाही, नाही, नाही. "हे शिसं वाटतं. पोटात शिसं जातं आहे तुमच्या. पाणी कुठलं पिता?"
नळाचं, मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता आठवलं. मामाजी येईल त्या पाहुण्याला सांगतात — खाणीच्या साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा आणलेली नळी! गंजत नाही, मातीवाणी वाकते, गल्लीत पहिला नळ आपला!
"बाई, आमची नळी शिश्याचीच आहे."
बाईंनी पेन खाली ठेवलं. "सकाळी पहिलं पाणी कोण भरतं?"
मी. सगळ्यांच्या आधी उठते, उठल्या उठल्या तांब्याभर पिते, मग चहा. रात्रभर नळीत मुरलेलं पाणी — ते मी! हे दिवसभर राइस मिलमध्ये, तिथलं पितात. सासूबाई तर नळाला शिवत नाहीत, आत कातड्याचा वॉशर असतो म्हणून. त्यांची घागर विहिरीची.
आणि माझ्या आधी पहिलं पाणी कोण भरायचं?
रक्त नागपूरला पाठवणार आहेत. पण त्या नळाचा थेंबही घ्यायचा नाही, आजपासून.
बसमध्ये रडले. हे घाबरून म्हणाले, "काहून रडून राहिली? बरी होशील म्हणाल्या ना बाई!" यांना कसं सांगू? मी सोंग करत नव्हते, म्हणून रडत होते.

१९ जानेवारी
मामाजी भडकले. "वीस वर्षं झाली, एक थेंब गळला नाही! माह्या नळीनं सून बिमार पडली म्हणते! मी नाई पीत का ते पाणी?"
हे म्हणाले, "बाबा, तुमचं पोट तरी कोठी ठीक हाये?"
मग मी बोलून गेले — "म्हणजे धुरपताबाईंचंही..."
सासूबाई ताटावरून उठल्या. हात धुतले आणि आत गेल्या.

२७ जानेवारी
मामाजी नळीला हात लावू देत नाहीत. हे रोज मिलवर जायच्या आधी विहिरीच्या घागरी आणतात. गल्ली हसते. हे म्हणतात, "हासू दे."

२ फेब्रुवारी
खणलं!
यांनी सकाळीच सब्बल घेतली. बापासमोर मान वर न करणारा माणूस — एक शब्द न बोलता अंगण फोडायला लागला. मामाजी खाटेवर पाठ फिरवून बसले. मग नळवाले डोमा मिस्त्री आले, लोखंडी पाइप आणि सुतळी घेऊन. नळी वर निघाली, राखाडी, जाड, मेलेल्या सापासारखी वेटोळी. डोमांनी करवतीनं कापली तर लोण्यासारखी कापली गेली. कापलेली जागा चांदीसारखी चमकत होती. मी पाहतच राहिले. दिसायला इतकी सुंदर!
नवा पाइप टाकताना डोमा जोड भिंतीच्या अगदी बुडाला घ्यायला लागले. खाटेवरून आवाज आला — "तिथं नोको! उद्या गळला तं भिंत खाईन! हातभर इकडं घे!"
डोमा म्हणाले, "मंग तुमीच या ना मालक, दाखवा."
मामाजी उठले. धोतर खोचलं. दुपारी पाहते तर बाप-लेक दोघंही खड्ड्यात, चिखलात, आणि एकमेकांवर ओरडत आहेत. किती बरं वाटलं!
पहिली बादली लाल गढूळ आली, दुसरीही. तिसरी नितळ. ती मामाजींनी स्वतः उचलून माझ्यासमोर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "पी," एवढंच.

२१ फेब्रुवारी
नागपूरचा रिपोर्ट आला. शिसंच. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. मामाजींनाही तपासून घ्या म्हणाल्या.

१२ मार्च
कळ नाही. आठवडाभर नाही! संध्याकाळी भात दोनदा मागून घेतला. सासूबाईंनी तिसऱ्यांदा न विचारता वाढला.

६ एप्रिल
हे उजव्या हातानं लिहिते आहे. अक्षर थरथरतं, पण माझं आहे! मनगट हळूहळू उचलतं. बायाबाईचा ब्लाऊज नव्यानं कापला, सरळ.
मामाजींचं पोट साफ होतं. श्रेय अजून ओव्यालाच!
सासूबाई दिवसभर काम करतात, आणि मध्येच हात थांबतो. काल यांना विचारत होत्या, "इश्वरचा पोरगा आता चालत असन ना?" हे म्हणाले, "निरोप धाडू का माय? ते येतील." त्यांनी मान हलवली. नको.

९ एप्रिल
सकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून निघाल्या. एकट्या. आसगावला.
मी फाटकापर्यंत गेले. "पोहोचवायला यांना पाठवू का?" म्हटलं.
"कायले? मी एकटीच जातो." मग थांबल्या. "तिच्या हातचं पाणी पिऊन येतो. तिनं देल्लं तं."