लाल ठिपक्याची पट्टी

प्रिय धाकटे,

आईचा संगणक पुसून कोणा गरजूला देऊन टाकावा, ही तुझी सूचना रास्तच होती आणि मी ती अमलात आणायलाही निघालो होतो. ती का अमलात आली नाही, हे फोनवर सांगणे मला जमले नसते. आपले फोन कसे होतात ते तू जाणतेस. जेवलीस का, जेवले. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. आणि मग मी "आईकडे देतो" म्हणत असे. आता तिथपर्यंत आलो की फोन ठेवावा लागतो. म्हणून हे पत्र. लांबले तर सहन कर.

प्रथम एक कबुली. दोन वर्षांपूर्वी शहराच्या जुन्या जलवाहिन्यांचे नकाशे नव्याने काढून देण्याचे काम मी घेतले होते, ते तुला आठवत असेल. एकेक नकाशा एवढा मोठा की माझा संगणक तो उघडताना धापा टाकी. मी महिनाभर चिडचिड केली. काम देण्याला दोन दिवस उरले असताना मी संगणकाचे झाकण काढून रंगाच्या ब्रशने आतला पंखा स्वच्छ केला, झाकण लावले आणि संध्याकाळी फिरून आलो. परत येऊन पाहतो तो यंत्र वाऱ्यासारखे चालू लागलेले. त्यानंतर मी या पंख्याविषयी किती जणांना ऐकवले असेल, याची गणती नाही. शेजाऱ्यांना, तुझ्या मामाला, आणि तुलाही. तुम्ही मायलेकी आपापल्या घरून मिळून खेळायचा तो नगर वसवण्याचा खेळ आईच्या संगणकावर अडखळू लागला तेव्हा तर मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणालो होतो, "पंखा साफ कर. माझ्याकडून शीक जरा." ती म्हणाली, "तुमच्यासारखा हात नाही हो माझा." मला ते कौतुक वाटले.

गेल्या मंगळवारी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई घरी आल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातल्याच, चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. पुसण्यापूर्वी एकदा पाहावे म्हणून त्यांनी तुमचे त्या खेळातले नगर उघडले. तू रस्ते आणि पूल बांधायचे, आईने झाडे लावायची, अशी तुमची वाटणी होती, एवढे मला ऐकून ठाऊक होते. बाई पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एवढी झाडं कोण लावतं?" मी म्हणालो, जिने तीस वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले, ती लावते. जुन्या बाजारचौकात येताच चित्र गोठले, सुटले, पुन्हा गोठले. बाईंनी यंत्र बंद करून झाकण काढले आणि मला आतले दाखवले. रॅमच्या, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्ट्यांसाठी दोन जागा, आणि पट्टी एकच, आठ जीबीची. खेळ चालू असताना लागणारे सगळे रॅममध्ये मावावे लागते, त्यांनी समजावले. नगर लहान होते तोवर मावले. झाडे हजारांवर गेली तेव्हा मावेना, आणि यंत्र न मावलेले डिस्कवर ठेवायला व तिथून परत आणायला धावू लागले. ते धावते, तेवढा वेळ खेळ थांबतो. "इथे महागातलं ग्राफिक्स कार्ड घालून काय उपयोग? ते बिचारं वाट बघत बसणार."

ते कार्ड तू तिच्या वाढदिवसाला पाठवलेले. मीच तेव्हा म्हणालो होतो, नव्या कार्डाने काय दिवे लावले.

दुसरी पट्टी कुठे गेली, हे विचारताच बाई चपापल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला खरंच माहीत नाही?" आणि माझ्या टेबलावरच्या संगणकाकडे पाहू लागल्या. त्याचे झाकण त्यांनी काढले. दोन पट्ट्या होत्या. एकीच्या टोकाला नखे रंगवायच्या रंगाचा लाल ठिपका होता. तुझी आई स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर तो देत असे: छत्री, चष्म्याचे घर, शाळेतला पेला. मी पंखा पुसून फिरायला गेलो त्याच संध्याकाळी तिने बाईंना बोलावून आपली पट्टी माझ्या यंत्रात बसवून घेतली होती. "दोनच दिवसांसाठी, ह्यांचं काम होऊ दे, असं म्हणाल्या होत्या. नंतर मी विचारलं, परत बसवू का, तर म्हणाल्या, राहू दे, त्यांचा पंख्याचा आनंद कशाला घालवायचा." दुसरी पट्टी तिने विकतही आणली नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू मी उलटसुलट करून "ही कशासाठी?" असे विचारतो, हे तिला चांगले माहीत होते.

मी बाईंना पुसू दिले नाही. लाल ठिपक्याची पट्टी माझ्या हाताने काढली आणि त्यांच्या देखरेखीखाली तिच्या यंत्रात बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून मिटल्या. आरेखकाची सवय जात नाही, म्हणून मोजमापेही घेतली. बाजारचौकात पूर्वी सेकंदाला अठ्ठावन्न चित्रांवरून वेग मध्येच नऊवर कोसळत असे. आता तो पंचेचाळीसच्या खाली जात नाही. साठच्या वर मात्र पूर्वीही जात नव्हता, आताही जात नाही. रॅमने वेग वाढला असे नव्हे, अडखळणे थांबले. माझ्याकडचा मोठा नकाशा आता पुन्हा चार मिनिटांनी उघडतो. उघडू दे. त्या चार मिनिटांत मी तिच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आईचे दिवसकार्य आटोपले त्या दिवशीचे तुझे बोलणे आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून तू म्हणालीस की शेवटच्या खेळात नगराला आग लागली, आईने बंब वेळेवर पाठवले नाहीत, अर्धी पेठ जळाली आणि तू तिच्यावर ओरडलीस, "आई, तुझं लक्ष कुठे असतं?" तीन आठवड्यांनी ती रुग्णालयात गेली. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. आता सांगतो. तिचे लक्ष तिथेच होते. तिने कळ वेळेवर दाबलीही असेल. यंत्र गोठले होते, आणि ते माझ्यामुळे गोठले होते. तुझे कार्डही उत्तम आहे. तुझ्या माथी काहीही नाही, धाकटे. त्या रात्री जेवताना ती मला हसत म्हणाली होती, "आज लेकीने मला चांगलं झापलं, अगदी तुमच्यावर गेली आहे." तिच्या आवाजात राग नव्हता, अभिमान होता. ती किती जेवते ते पाहत मी समोरच बसलो होतो, म्हणून हे मला नीट स्मरते.

मी तिचे आभार कधी मानले नाहीत. घरात आभार मानणे मला परक्यासारखे वाटे. आता ज्याबद्दल मानायचे ते एवढे आहे की कुठून आरंभ करावा कळत नाही. म्हणून तुझ्यापासून करतो. दर रविवारी चार वाजता तू तिला दोन तास दिलेस. त्या दोन तासांत तिला दुखत नसे, असे ती म्हणे. मी ते हसण्यावारी नेले. त्याबद्दल क्षमा कर, आणि त्या तासांबद्दल मी तुझा ऋणी आहे.

आता मूळ विनंती. तू तेव्हापासून नगर उघडलेले नाहीस, असे त्यातली नोंद सांगते. जळालेली पेठ तशीच आहे. मी बाईंकडून झाड लावायला शिकलो आहे. आतापर्यंत अकरा लावली, त्यांतली दोन चुकून नदीत गेली. शिवाय तुझा पूल नदीच्या ऐन वळणावर आहे, तो मला मुळीच पसंत नाही, त्याविषयी आपण बोलले पाहिजे. येत्या रविवारी चार वाजता तुझ्या पडद्यावर आईच्या नावापुढचा दिवा हिरवा होईल. दचकू नकोस. तो मी असेन. माझा हात सावकाश चालेल, पण या वेळी दोष यंत्राचा नसेल.

तुझाच,
बाबा