बारा नंबरचे बूट

सहादूमामा,

लायबेरियाचा जोसेफ आपल्या क्लबकडून खेळायचा, शिंगणापुरात तुमच्या दार नसलेल्या घरात राहायचा. कोलकात्याच्या ट्रायलच्या आदल्या दिवशी त्याचे बूट गेले. बारा नंबर नगरमध्ये कुठे मिळणार? ट्रायल हुकली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "शिंगणापुरात चोरी होतच न्हाई. ह्यो लई खोटारडा हाय!" मला किक शिकवणारा माणूस रडत मायदेशी गेला.

आज तो तिकडच्या फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी आहे आणि उद्या आपला चीफ गेस्ट. सत्काराची तयारी मला दिलीत, थँक्स! शाल शोधताना तुमच्या माळ्यावर ते बूट सापडले. त्यानं क्लब सोडू नये म्हणून तुम्हीच लपवलेत ना?

शालीच्या बॉक्समध्ये मी तेच पॅक केले आहेत. हे पत्र देत नाही, नाहीतर बॉक्स बदलाल. तुमच्याच हातानं द्या, मामा. समोर अख्खं शिंगणापूर असेल.

तुमची लाडकी भाची,
सृष्टी