ज्या पाण्याचं त्या पाण्यात

बाई, घरात मासे पाळलेत हे तुला कळलं असतं, तर तू माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नसतीस. बाकीची मुलं आईला आई म्हणायची, आपल्याकडे मात्र सगळ्यांनी तुला बाईच म्हटलं, म्हणून आज लिहितानाही तेच येतंय. तू जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं थोडंच आहे? हे गेले, दुकान भाड्यानं दिलं, खाली आता मोबाइलवाला बसतो. त्यातलं काही तुला लिहावंसं वाटलं नाही, आणि आज लिहायला बसले ते कशावरून, तर माशांच्या टाकीचा फिल्टर बदलला म्हणून. हस, हस. मलाही हसूच येतंय.

टाकी माझी नाही, तुझ्या नातवाची. कॉलेजात असताना एक दिवस टेम्पोतून उतरवून घेतली. मी दारातच आडवी आले, म्हटलं, जैनाच्या घरात मासे? तर म्हणतो कसा, "आई, खायला नाही आणलेत." पुढं काय बोलणार, कर्म माझं! तू असतीस तर बोलली असतीस. जीव कोंडून घालायचा नसतो, म्हणाली असतीस, आणि टाकी आल्या पावली परत गेली असती. मला ते जमलं नाही. मग तो नोकरीला हिंजवडीला गेला आणि टाकी इथं मंचरलाच राहिली. आता तिच्यात जंगल झालंय. लांब पात्यांचं गवत वरपर्यंत येऊन आडवं पसरलंय, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळ चढलंय, आणि त्यातून लाल-निळ्या रेघेचे बारके मासे सगळे मिळून इकडून तिकडे जातात. त्यांच्या खाद्याच्या डब्यावर मी हिरवा ठिपका शोधत बसले होते, तेव्हा दुकानदार पोट धरून हसला. "मावशी, माशांचं खाणं हाय, त्याला कुठला आलाय शाकाहारी ठिपका!" तरी मी त्याला शेवाळाच्या गोळ्या शोधायला लावल्याच.

टाकीच्या मागं एक जुना फिल्टर लटकलेला असायचा. पाणी ओढायचा, स्पंजातून गाळायचा आणि धबधब्यासारखं परत टाकीत सोडायचा. आपल्याकडे लाइटचा भरवसा तुला माहीतच आहे, त्यात काही फरक पडलेला नाही. लाइट गेली की तो बंद पडायचा, आणि आली की आपणहून चालू व्हायचा नाही, नुसता करकरायचा. मग मी मुलाला फोन लावायची. "आई, त्यात तांब्याभर पाणी ओत. आता चाक बोटानं फिरव. पान अडकलंय का बघ." मी फोन बरणीला टेकवून उभा करायची आणि तो तिकडून सांगेल तसं करायची. फिल्टर चालू झाला तरी तो लगेच फोन ठेवायचा नाही. टाकी दाखव म्हणायचा, तो मोठा मासा दिसत नाही म्हणायचा, आणि मधेच, तू जेवलीस का, विचारायचा. खरं सांगते, लाइट गेली की शेजारपाजारचे सगळे वीजमंडळाला शिव्या देतात, मी मात्र देत नाही.

महिन्यापूर्वी त्यानं कुरिअरनं भला मोठा खोका पाठवला. आत डबा, दोन जाड नळ्या आणि चिनी मातीच्या कड्यांची पिशवी. हा नवा फिल्टर म्हणे टाकीच्या खाली कपाटात ठेवायचा, लाइट गेली-आली तरी आपोआप सुरू होतो, आणि तीन-तीन महिने उघडायचं कारण नाही. मी म्हटलं, वा! पोरानं आईचा विचार केला. त्यानं फोनवर सगळं समजावलं. टाकी जुनी आहे, तिचं पाणी बसलेलं आहे, एकदम फिल्टर बदलला तर मासे दोन दिवसांत मरतील. कारण पाणी जे शुद्ध ठेवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव जुन्या स्पंजात राहतात. "म्हणून स्पंज नळाखाली अजिबात धुवायचा नाही, आई. टाकीतलंच पाणी बादलीत घे, त्यात पिळ, आणि तो गाळ नव्या डब्यात ओत. दुसरं पाणी लागता कामा नये."

मी हातातलं तसंच ठेवून खाली बसले. दुसरं पाणी लागता कामा नये! अरे, हे मला तू शिकवतोस? मी चार वर्षांची असल्यापासून हे बघत आलेय. बाई, तू पहाटे परसातल्या विहिरीचं पाणी शेंदतेस, हंड्यावर दुहेरी जाड गाळणं धरतेस, गाळून झालं की गाळणं उलटं करून त्याच्यावर गाळलेलंच पाणी हळूच सोडतेस. गाळण्यावर राहिलेले जीव, तू ज्याला जिवाणी म्हणायचीस, ते सगळं बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीत उतरतं. मग ती बादली दोरीनं खाली खाली, अगदी पाण्याला टेकेपर्यंत. वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. टेकली की दोरीला हिसका, बादली पालथी, आणि जिवाणी आपल्या घरी. मी त्याला हे सांगायला तोंड उघडलं, "अरे, तुझी आजी ना," तर म्हणाला, "आई, मीटिंग सुरू होतेय, नंतर सांग हं." नंतर त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणून तुला सांगते, तुला तर सगळं ठाऊकच आहे. अवसरीचं लग्न आठवतंय? अवसरी बुद्रुकला आपल्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईकांच्या मुलीचं लग्न होतं. तिथंही तू पिण्यापुरतं पाणी त्यांच्या विहिरीवर गाळून घेतलंस, जिवाणी तांब्यात काढून ठेवलीस, आणि निघायच्या गडबडीत तो तांब्या आपल्या पिशवीतून मंचरला आला. घरी पिशवी उघडली नि तुझा चेहरा उतरला. मी म्हटलं, टाक आपल्या विहिरीत. "ज्या पाण्याचे जीव त्या पाण्यात," एवढंच म्हणालीस आणि पुन्हा चपला घातल्यास. आपण दोघी एसटीत, तुझ्या मांडीवर तांब्या, वरून हातानं झाकलेला. कंडक्टर म्हणाला, "काय काकू, तूप न्हेताय व्हय?" तू म्हणालीस, "नाही, पाणी आहे." "आवं, अवसरीत पाण्याचा दुष्काळ पडलाय का काय!" सगळी गाडी खो खो हसली. "पडलाय असं समजा, पण तांब्याला धक्का लावू नका," तू म्हणालीस आणि सरळ खिडकीबाहेर बघत बसलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या वर्गातली एक मुलगी होती ना त्या गाडीत.

नवरीची आई मांडवातली भांडी घासत होती. आपल्याला बघून उठली. "आगं बया, काकू! काय इसरलं व्हतं का?" "तुमचंच आमच्याकडे राहिलं होतं," म्हणालीस आणि विहिरीकडे चालू लागलीस. ती बाई हात पुसत मागं आली, वाकून बघितलं. "लई येगळी मान्सं हाय राव तुमी. बरं, च्या तरी घ्या." पण दिवस मावळायच्या आत घर गाठायचं होतं, तू थांबली नाहीस. परतताना मी रुसून म्हटलं, त्यात काही दिसत तर नव्हतं, बाई, उगीच हसू करून घेतलंस. त्यावर तू म्हणालीस, "तुझे वडील आत्ता दुकानात आहेत. इथून दिसतात का? मग नाहीत का ते?"

तर खोका आल्यावर मी तसंच केलं. टाकीचं पाणी बादलीत घेतलं, जुना स्पंज काढला, काळाकुट्ट, लोणच्याच्या तळासारखा. तो हळूहळू पिळला. गाळ नव्या डब्यात ओतला, स्पंजाचा तुकडा कापून तोही आत ठेवला. काही दिवस दोन्ही फिल्टर चालवले आणि मग जुना बंद केला. दुसऱ्याच दिवशी पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. एवढे जीव माझ्या हातून गेले तर कुठल्या तोंडानं नवकार मंत्र म्हणू? मी गवताची सडकी पानं काढली, खाणं बंद ठेवलं, थोडं थोडं पाणी बदलत राहिले. टाकीसमोर खुर्ची टाकून बसले, स्वयंपाकही केला नाही. पुढं पाणी निवळत गेलं आणि एका सकाळी काच अशी लख्ख, की मधे पाणी आहे की नाही कळेना. एकही गेला नाही, बाई. सगळे आहेत. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मुलाला कळवलं तर त्यानं अंगठा पाठवला. मग एक ओळ, "सुटलीस, आता लाइट गेली तरी मला फोन करायची गरज नाही." त्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असणार, त्याच्यावर मी रागावलेली नाही. पण तेव्हापासून लाइट कितीदा गेली नि आली, डबा आपला आपण सुरू होतो. शहाणा आहे. धबधब्याचा आवाजही गेला. घर इतकं गप्प झालंय की खालच्या मोबाइलवाल्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय भाव करतंय ते वर ऐकू येतं. फोन हातात घ्यायचा आणि काय म्हणायचं? मी जेवले, असं आपणहून कसं सांगायचं? मला लई एकटं वाटतं गं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

काल मी त्याला फोन केला. म्हटलं, डबा घरघरतोय. "घरघरतोय? व्हिडिओ लाव." मी फोन बरणीला टेकवला. "हवा अडकली असेल, थोडा तिरका कर. आता?" मी म्हटलं, अजून वाजतोय. "मला तर काही ऐकू येत नाही." फोनवर कुठं ऐकू येणार, म्हटलं. त्यानं मला डबा डावीकडे कलवायला लावला, उजवीकडे कलवायला लावला, नळी बघायला लावली. टाकी दाखव म्हणाला. गवत किती वाढलंय, म्हणाला. त्याला खोकला झालाय, मी आल्याचा काढा सांगितला. शेवटी म्हणाला, "राहू दे, रविवारी येऊनच बघतो." आता तो येईल, कपाटात डोकं घालून डब्याला कान लावेल, आणि मी बाजूला उभी राहीन.

हे तुला पाठवायची सोय नाही ते एका परीनं बरंच आहे, नाहीतर एवढं लिहायची माझी छाती झाली नसती. डबा वाजत नाही, बाई. आल्या दिवसापासून एकदाही वाजलेला नाही.