गैरहजर माणसाची खुर्ची

प्रिय धाकट्या,

तू पत्राला उत्तर देत नाहीस हे आता घरात कुणाला नवीन राहिलेलं नाही. होस्टेलवरून तू पाठवलेलं एकुलतं एक पोस्टकार्ड अप्पांनी अजून जपून ठेवलंय, आणि त्यावर ‘टॉवेल पाठवा’ एवढंच आहे. खाली सहीसुद्धा नाही. त्यामुळे तुझा फोन बंद लागायला लागला तेव्हा मी अप्पांना म्हटलं, पडला असेल पाण्यात, घेईल नवा, नोकरीत रुळला की करेल स्वतःहून. ते मान डोलावतात आणि पुढच्या जेवणाला परत तेच विचारतात. आता मलाही तेच तेच सांगताना अडखळायला होतं.

माझी बातमी म्हणजे मी कोर्ट सोडलं. तारखांना कंटाळले. आता लवादाचं काम शिकते आहे. तुला समजेल असं सांगायचं तर, दोघांनी करार करतानाच ठरवलेलं असतं की उद्या भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, दोघांनाही चालेल अशा माणसापुढे बसायचं. तो माणूस म्हणजे लवाद. ना काळा डगला, ना पुकारा, ना बाकावर डुलक्या घेणारी गर्दी. एक खोली, लांब टेबल, बंद दार. पहिल्या दिवशी मी सवयीने उभी राहून खणखणीत आवाजात सुरुवात केली, तर सर म्हणाले, ‘बसून बोला. भिंतींना ऐकू जायची गरज नाही.’ तू असतास तर हसून लोळला असतास.

सर म्हणजे आमचे लवाद, निवृत्त न्यायाधीश. बारीक, उंच, खोकतानासुद्धा समोरच्याची परवानगी घेतील असे. त्यांची एक पद्धत आहे, ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो सामनेवाला. त्याला रीतसर नोटीस देऊनही तो आला नाही, तर त्याच्यावाचून काम पुढे नेता येतं. पण तो आला नाही म्हणजे समोरच्याचं सगळं खरं, असं मानायची मुभा नसते. म्हणून सुनावणी संपून सगळे गेले की सर मला त्या गैरहजर माणसाच्या खुर्चीत बसवतात आणि प्रश्न विचारतात. उत्तर ‘मी’ म्हणूनच द्यायचं. ‘तो म्हणाला असता’ हे त्यांना अजिबात खपत नाही. याची अधिकृत नोंद कुठेच होत नाही, सर स्वतःपुरतं टिपून घेतात. हजर असलेल्या पक्षाला काय विचारायचं राहून गेलंय, तेवढं त्यातून त्यांना कळतं. सुरुवातीला मला शाळेतल्या नाटकात काम करतेय असं वाटायचं.

पहिलं प्रकरण दोन भागीदारांचं होतं. दोघं मिळून दातांच्या कवळ्या बनवायचे. त्यातला एक, गोल चेहऱ्याचा, सारखा रुमाल चाचपणारा, लवादापुढे आला होता. दुसरा न सांगता निघून गेलाय, तेव्हा कारखाना एकट्याला चालवू द्या, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच्या घरी नोटिसा गेल्या, तो काही आला नाही. मी खुर्चीत बसले आणि मस्त वकिली उत्तरं दिली. मग सरांनी विचारलं, ‘जाताना हत्यारं का नेली नाहीस?’ मी म्हटलं, ‘खालचा खण अडकतो. उचलून ओढावा लागतो. तेवढी ताकद उरली नव्हती.’ बोलताना मला काहीच वेगळं वाटलं नाही. सर मात्र लिहायचे थांबले.

पुढच्या आठवड्यात आम्ही कारखान्याची पाहणी करायला गेलो. भर दुपार, लख्ख ऊन, आणि चारी भिंतींना फळ्यांवर माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. काही मिटलेले, काही उघडे. यातली किती माणसं अजून असतील, असं मनात आलं आणि मी नजर खाली घेतली. खाली टेबलाचा खण होता. मी वाकले, तो थोडा उचलला आणि ओढला. आत हत्यारं होती, स्वच्छ पुसून ठेवलेली. ‘तुम्हाला कसं जमलं हो?’ भागीदार एकदम म्हणाला. ‘त्याच्याशिवाय कुणाला उघडत नाही तो. मी तर लाथा घालतो.’ मी सरांकडे पाहिलं. ते तोंड फिरवून साचे बघत उभे होते.

मग एक दिवस त्या माणसाची बहीण आली. तो दूरच्या एका रुग्णालयात वारला होता, आमची पहिली नोटीस निघायच्याही आधी. प्लास्टरच्या धुळीने छाती पार पोखरली होती. भागीदाराला आपल्या आजारपणाचा त्रास नको म्हणून न बोलता गेला. भागीदार ऐकून जो रडायला लागला, तो थांबेना. मेलेल्या माणसाविरुद्ध निवाडा देता येत नाही, त्यामुळे सरांनी झालेलं सगळं काम तिथेच थांबवलं. मी मात्र घरी येऊन हात धूत बसले, कशासाठी ते माझं मलाच कळेना.

न राहवून मी सरांना त्या खणाचं विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘माणूस हट्टाने येत नाही, तेव्हा त्या खुर्चीत बसणारा आपल्याच डोक्यातलं बोलतो. मुद्देसूद बोलतो. पण जो येऊच शकत नाही, तो स्वतः बोलतो. मी आता आवाजावरून ओळखतो.’ मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. मी म्हटलं, ‘मग मला तिथे बसवता कशाला?’ तर म्हणाले, ‘त्यालाही बाजू मांडायची संधी नको का?’ ही संधी प्रत्येकाला मिळायला हवी हे आमच्या कामातलं पहिलं तत्त्व, पण ते इतकं ताणलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

काल मी पुन्हा बसले. एक घरमालकीणबाई आणि त्यांचा सुतार यांचं भांडण. बाई रुसल्या म्हणून आल्या नव्हत्या. चांगल्या धडधाकट आहेत, सकाळीच फोनवर मला नाही नाही ते बोलल्या होत्या. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. सरांनी विचारलं, ‘दारं-खिडक्या ठरल्याप्रमाणे बसवल्या होत्या का?’ मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘दार ठीक आहे. खिडकी लागत नाही. वर्तमानपत्राची घडी कोंबलीय, तरी वारा येतो. जिना उतरवत नाही. उतरता आला असता तर फोन केला असता.’ सर हळूच म्हणाले, ‘कोणाला?’ आणि मी म्हटलं, ‘वकीलबाईंना. पण त्या मध्ये मध्ये बोलतात. पूर्ण ऐकूनच घेत नाहीत.’ मला वकीलबाई म्हणणारा या जगात तू एकटा आहेस. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ‘तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा.’

इथपर्यंत मी गाडीत लिहिलं. पुढचं तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर बसून लिहिते आहे. तुझ्या हापिसात विचारलं, तर म्हणाले कधीचाच यायचा बंद झालाय, आम्हाला वाटलं नोकरी सोडली. रस्त्यावरून वर पाहिलं. एका खिडकीच्या फटीत कागदाची घडी आहे. दार वाजवून वाजवून हात सुजलाय, हाका मारून घसा बसलाय, आणि तुझे घरमालक दुसरी किल्ली आणायला गेलेत. आमच्या कायद्यात माणसाच्या शेवटच्या पत्त्यावर पत्र पोचलं की ते त्याला मिळालं असं धरतात. मला तसं धरून चालायचं नाहीये. सर म्हणाले होते, ‘जो येऊच शकत नाही.’ मेलेला, असं म्हणाले नव्हते. वकील आहे मी, शब्दाला धरून बसणारच. तापाने पडला असशील, उठवत नसेल, एवढंच असेल. हे पत्र दाराखालून सरकवते आहे. अर्धं आत, अर्धं बाहेर. उठू नकोस, बोलू नकोस, वाचलं नाहीस तरी चालेल. नुसतं हात लांब करून आत ओढून घे. मी इथे त्याच्या बाहेरच्या टोकाकडे बघत बसले आहे.

तुझीच,
ताई