हृदय डावीकडेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
मिश्र अध्यापन कक्ष.

विषय : अर्जदार शिक्षिकेस स्वतःची चूक दुरुस्त करू देणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने अर्जदाराकडूनच शिकावे, असे फर्मावणारे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सातवीला विज्ञान शिकवते. आपल्या योजनेप्रमाणे मुले धडा घरी चित्रफितीवर पाहतात, यंत्रावर चाचणी देतात आणि उरलेल्या शंका घेऊन शाळेत येतात. योजनेला अर्जदाराचा विरोध नव्हता. उलट चित्रफिती करायला कोणी पुढे येईना, तेव्हा हौसेने हात वर करणारी अर्जदारच होती. ती हौस आता चांगलीच अंगाशी आली आहे.

१. हृदयाच्या धड्याचे चित्रीकरण रिकाम्या वर्गात झाले. आवाज नको म्हणून पंखे बंद, दार बंद, मुलांना मज्जाव. आकृतीचे तोंड पाहणाऱ्याकडे असते, त्यामुळे तिची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. एरवी अर्जदार मुलांना आपापल्या छातीवर हात ठेवायला लावते आणि मगच फळ्याकडे वळते. त्या दिवशी हात ठेवायला कोणी नव्हते. घामाघूम झालेली अर्जदार बोलून गेली की, शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला असते. मुले समोर असती तर 'बाई, चुकलं!' असा गलका झाला असता. कॅमेरा गप्प राहिला.

२. चूक ध्यानात येताच अर्जदाराने दुरुस्ती मागितली. उत्तर आले की, चित्रफीत मंजूर आहे आणि मंजूर चित्रफितीत चूक नसते. मग अर्जदार वर्गात 'डावी' शिकवू लागली, तर 'तज्ज्ञ शिक्षिकेशी विसंगत अध्यापन' असा ठपका आला. ती तज्ज्ञ म्हणजे मीच, असे अर्जदाराने कळवले. त्यावर, मग तिचे ऐकायला हरकत काय, अशी विचारणा झाली. हल्ली अर्जदार आदेशानुसार स्वतःची चित्रफीत पाहत बसते. त्यातल्या बाईंचा हसरा चेहरा बघून संताप येतो, महोदय.

३. हेही अर्जदाराने गिळले असते. पण वर्गातल्या एका मुलीने बाईंवर विश्वास ठेवून चाचणीत 'डावी' लिहिले. यंत्राला 'उजवी' हवी, आणि हवे ते उत्तर मिळेपर्यंत ते पुढचा धडा उघडत नाही. बाकीची मुले निमूट 'उजवी' लिहून पुढे गेली. ही हट्टाने 'डावी'च लिहीत राहिली. वर्ग फुप्फुसे संपवून पचनसंस्थेत शिरला, तरी ही हृदयातच अडकलेली. शेवटी तिची आई शाळेत आली. म्हणाली, 'बाई, तुम्हीच सांगा तिला. लिहू दे एकदाचं उजवी. पोरगी धड जेवत नाही हो.' अर्जदाराने सांगितले. इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून वाईट काही शिकवलेले नाही.

४. काल उजळणीच्या तासाला अर्जदाराने सगळ्यांना हृदयावर हात ठेवायला सांगितले. सगळ्यांचे हात डावीकडे गेले, त्या मुलीचा उजवीकडे. अर्जदार तिच्या बाकाजवळ गेली, तेव्हा ती म्हणाली, 'तुम्हीच सांगितलंत ना?'

तरी सदर चित्रफीत मागे घ्यावी, ही कळकळीची विनंती. ते जमणार नसेल तर अर्जदारास वर्गातून काढून चित्रफितीस कायम करावे. त्या मुलीसमोर आम्ही दोघींनी उभे राहणे आता शक्य नाही.

आपली, अद्याप चुका कबूल करणारी,
(सही)
विज्ञान शिक्षिका, इयत्ता सातवी
दिनांक : उजळणीच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : हृदयाची आकृती. पाहताना कृपया आपला हात आपल्या छातीवर असावा.