पावलामधली कोरडी जागा

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सकाळी ठीक अकरा वीस. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पायांच्या नसांचा रिपोर्ट माझा, तपासणीतले विजेचे झटके मी सोसले, आणि डॉक्टर बोलतात कोणाशी? मुंबईत बसलेल्या माझ्या मुलाशी, फोनवर! "नसा खराब झाल्यात. वयच आहे. आजींना आता एकटं ठेवू नका." मी समोर बसलेली! पुढे काय करायचं, एक अक्षर नाही. आणि चिरंजीव हर्षद तिकडून, "आई, घर बंद करू या." निकाल लागला!

शाळेत नन्सनी छडी दाखवून इंग्रजी शिकवलं. रिपोर्ट वाचता येतो. कळत नाही.

मंगळवार, ११

हर्षदचे फोन. उचलले नाहीत.

शुक्रवार, १४

दुसऱ्या डॉक्टर – राजश्री मयेकर. माझ्या निम्म्या वयाची पोर, पण काय बाई आहे! आधी खाली बसून माझे पाय पाहिले, मग रिपोर्ट. "काकू, तार शाबूत आहे, वरचं वेष्टण खराब. म्हणून संदेश हळू जातोय." माझा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला. म्हटलं, "इन्सुलेशन गेलं म्हणा की!"

"माझं अर्धं काम केलंत!" – हसली.

मग ओलं पाऊल लादीवर उमटवायला लावलं. टाच उमटली, चवडा उमटला, मध्ये कोरडं. कमान फार उंच म्हणे. "लहानपणी धावताना पडायचात?" शाळेत सिस्टर ओरडायच्या, "पाय उचल, आळशी!" सांगितलं. "आळस नव्हता तो, काकू." इतक्या वर्षांनी! डोळे भरून आले, मेले.

दोन्ही पायांत संदेशाचा वेग सारखाच मंद, म्हणजे दुखणं घराण्यातलं असू शकतं. खात्री नाही. आधी रक्तातली साखर, बी-१२, थायरॉइड बघायचं. मग जनुकांची तपासणी. "बरं करीन म्हणत नाही. पण पडू नये एवढं नक्की बघू." व्यायाम, घोट्याला आधार, अनवाणी चालणं बंद, रोज तळवे तपासायचे.

"आणि एकटी राहू?"

"राहा की! न्हाणीत धरायला दांडा बसवा."

साष्टांग नमस्कार घातला असता – पण उठवायला तिलाच लागलं असतं.

गुरुवार, २०

रक्त सगळं ठीक. म्हणजे बोट घराण्याकडेच. दांडा बसला. हर्षद मला न्यायला येतोय. येऊ दे. दांडा दाखवते!

रविवार, २३

भाट्याच्या समुद्रावर फिरायला गेलो. मी सँडल घालून, हर्षद अनवाणी. "आई, हट्ट सोड," पालुपद चालूच. पुढे चालताना दोनदा ठेचकाळला. "वाळूच तशी आहे!" मी खाली पाहिलं. ओल्या वाळूत त्याची पावलं. टाच. चवडा. मध्ये काही नाही.

बोलले तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" एकटाच परत गेला.

सोमवार, २४

हर्षदला पाठवलं – "तुझ्या पायांच्या नसांची तपासणी कधी, कुठे, ते शुक्रवार २८ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही. हे तुलाच लिहिते आहे. सूनबाईला फोन करून सांगितलेलं नाही."